आरामखुर्चीची कुळकथा

प्रत्येक जुन्या वस्तूला आत्मा असतो, असं निवृत्त प्राध्यापकांचं ठाम मत होतं. त्यांच्या बायकोच्या मते प्रत्येक जुन्या वस्तूला ढेकूण असतात.

म्हणून दुकान घरात न निघता, गाडी नसलेल्या गॅरेजमध्ये निघालं. जुन्या वस्तू घ्यायच्या, झाडूनपुसून विकायच्या. जोडीला खुर्च्या विणून देणं, कुलपांना तेल घालणं अशी किरकोळ कामं. आतापर्यंत खपली होती एक गाळणी. तीही शेजारणीने दयेपोटी नेलेली.

"महिनाअखेरपर्यंत ती आरामखुर्ची गेली नाही, तर तुम्ही माझ्या दादाच्या गोदामात बसा," बाईंनी सांगून टाकलं. "पोती मोजायला इतिहास लागत नाही."

उभा जन्म प्राध्यापकांनी इतिहास शिकवला होता. त्यांच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची. आणि आता पोती?

ते जिद्दीला पेटले. गिऱ्हाईक आलं की आधी त्याला आरामखुर्चीत बसवायचं आणि तिची कुळकथा सांगायची. लाकूड कुठलं, सुतार कुठला, त्या सुताराच्या काळात जकात किती होती.

दुपारी पडद्यातून मधासारखा उजेड झिरपायचा. त्यात धूळ तरंगायची. भिंतीवरची घड्याळं आपापली निराळी वेळ दाखवायची, आणि गोष्ट जकातीपर्यंत पोचायच्या आत गिऱ्हाईक घोरू लागायचं. प्राध्यापक आवाज न चढवता पुढे बोलत राहत. गॅरेज जमिनीपासून वीतभर उचललं गेलंय आणि संथपणे कुठेतरी वाहत चाललंय, असं त्यांना वाटे.

"काय जादूची खुर्ची आहे हो, सर!" रात्रपाळीची नर्स जागी होऊन म्हणाली. दिवसा तिचा डोळ्याला डोळा लागत नसे. ती रोज येऊ लागली. मग तिच्या ओळखीचा पहारेकरी, मग बेकरीवाला. सगळे खुर्ची बघायला यायचे आणि ताजेतवाने होऊन रिकाम्या हातांनी जायचे.

"धर्मशाळा उघडलीय का?" बाई कडाडल्या.

"अगं, खुर्ची पारखताहेत ते."

"डोळे मिटून?"

महिना सरता सरता नर्सने खुर्ची घेतली. घासाघीससुद्धा केली नाही. त्या संध्याकाळी बाईंनी न मागता चहा दिला, आणि प्राध्यापकांना आपल्या व्यापारी बुद्धीचं प्रथमच कौतुक वाटलं.

आठवडा व्हायच्या आत खुर्ची हातगाडीवरून परत आली. मागे नर्स, डोळे लालभडक. बाईंनी गोदामवाल्या भावाला फोन लावला.

"पाया हलतो का?" प्राध्यापकांनी धास्तावून विचारलं.

"नाही हो."

"मग पाठीला टोचते?"

"खुर्ची उत्तम आहे, सर. पण तिच्यात झोपच येत नाही."

"असं कसं? इथे तर बसल्या बसल्या लागायची!"

नर्स घुटमळली. "हो ना. म्हणून म्हटलं, खुर्ची तुमची तुम्हाला राहू दे. दुपारी आमच्या घरी येऊन जरा जकातीचं बोलाल का? पहारेकरीही पैसे द्यायला तयार आहे."

बाईंनी फोन ठेवून दिला.