साखर घातलेला पाव

मक्याच्या पावात साखर घालणारी बाई आमच्या अलाबामात जन्माला येत नाही. ती ओहायोतून सून होऊन येते.

आमची हायडी तशीच आली. मक्याचं पीठ, ताक, मीठ आणि बिडाच्या तव्यात कडकडीत तापवलेली चरबी, झाला पाव. ही बया त्यात वाटीभर साखर ओतते, आणि तेही माझ्या आईच्या तव्यात! दर रविवारी चर्चमधून आल्यावर मी ताट पुढे सरकवते आणि सांगते, "अगं, घेवड्याबरोबर खायला पाव मागितला होता. हा केक आहे."

गेल्या रविवारी पाद्रीबाबा जेवायला होते. त्यांच्यासमोर तिने शांतपणे विचारलं, "आई, नक्की केकच म्हणायचं ना याला?"

"केकच! पाव म्हणायची लाज वाटते मला. आणि हो, शनिवारी माझी सत्तरी आहे. दुकानातला केक माझ्या दारात आणायचा नाही. घरी केलेलाच हवा."

"बरं, आई."

शनिवारी सगळं गणगोत जमलं, पाद्रीबाबाही आले. दिवे मालवले, गाणं सुरू झालं आणि हायडी तो बिडाचा तवा दोन्ही हातांनी धरून आत आली. तव्यात मक्याचा पिवळाधमक पाव होता आणि त्यावर मेणबत्त्या पेटल्या होत्या.

 

"मारा फुंकर, आई. घरचाच केक आहे."