गौराक्काची पिशवी

विद्याश्री मिरची कुटायच्या डंकावर आली ती एवढासा स्टीलचा डबा घेऊन, आणि शांतव्वाच्या पोटात दुखायला लागलं. दुखणार नाही तर काय! शांतव्वा सकाळी आठपासून रांगेत उभी होती आणि तिच्या पायाशी दोन फुगलेल्या पिशव्या होत्या. एक तिच्या घरची. दुसरी, तिच्या दुप्पट, राजारामपुरीच्या गौराक्काची, म्हणजे थोरल्या नणंदेची. आणि ही धाकटी जाऊ वर्षाची चटणी एका डब्यात बसवून, वेणीफणी करून, फिरायला निघाल्यासारखी आली होती.

कसबा बावड्यात एप्रिल संपत आला की जोतीरामच्या डंकावर पाय ठेवायला जागा नसते. लोखंडी मुसळं धाडधाड पडत असतात, बायका तोंडाला पदर लावून शिंकत असतात, आणि घराघराची वर्षाची कांदा-लसूण चटणी तिथं कुटून निघते. सासूबाई होत्या तोवर लेकीची चटणी त्याच करून द्यायच्या. त्या गेल्या आणि पिशवी शांतव्वाकडं आली. कुणी विचारलं नाही, तिनंही कधी हूं की चूं केलं नाही. मिरच्या वाळवायच्या, देठं खुडायची, मसाला भाजायचा आणि हाताची आग आग झाली की तेल चोळत बसायचं. चटणी झाली की गौराक्काचे सांडगे, सांडगे झाले की पापड. एवढं निस्तरेपर्यंत मे सरायचा, पोरांच्या शाळा उघडायच्या आणि माहेर राहून जायचं. आठ वर्षं हेच चाललं होतं. तिकडं चिक्कोडीजवळच्या खेड्यात तिची अव्वा आता खाटेला खिळली होती. मला डोळ्यांनी दिसतंय तोवर ये गं पोरी, असा आईचा निरोप परवाच आला होता.

गौराक्कानं एक वर्ष विद्याश्रीकडंही पिशवी धाडून बघितली होती. हिनं ती जशीच्या तशी परत नेऊन दिली. मला माझ्या घरचंच पुरं होतंय, तुमचं न्हाई जमणार, असं तोंडावर सांगितलं आणि वर चहा पिऊन आली. शांतव्वा तेव्हा मनातनं खूश झाली होती. आता बघा म्हणावं गंमत! गौराक्का फुगली, ती दसऱ्यापर्यंत फुगली, आणि दिवाळीला येऊन विद्याश्रीच्याच चकल्या खाऊन काय खुसखुशीत झाल्यात म्हणाली. झालं. एवढंच. गौराक्कानं हिला एकदा तरी चार माणसांत चांगलं सुनवायचं होतं, म्हणजे शांतव्वाच्या जिवाला जरा गार वाटलं असतं.

विद्याश्रीनं दोन्ही पिशव्यांकडं बघितलं. चारच्या एस्टीनं माहेरी निघाल्याचं सांगितलं आणि वैनी, तुम्ही कधी निघणार, असं अगदी सहज विचारलं. शांतव्वाला राहवलं नाही.

"तुला झोप कशी लागती गं?"

"डाव्या कुशीवर," विद्याश्री म्हणाली. "उजवीवर घोरायला हुतंय म्हणत्यात हे."

रांगेतल्या बायका खिदळल्या. शांतव्वाच्या अंगाचा तिळपापड झाला. धाकटीच्या साड्या, धाकटीचा फ्रीज, सगळ्याचा हेवा करून झाला होता. पण खरी जळजळ होती ती तिच्या त्या 'न्हाई जमणार'ची, आणि ती कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

नंबर आला. जोतीरामनं तिच्या घरची चटणी कुटून डबा भरून दिला आणि गौराक्काच्या पिशवीला हात घातला. यंदा लेकीच्या सासरच्यांचीही त्यातच धर आणि तिखट जरा बेतानं टाक, असा गौराक्काचा निरोप कालच आला होता.

"ती ऱ्हाऊ दे," शांतव्वा म्हणाली. आपणच बोललो हे तिला खरं वाटेना.

डंकाला लागूनच वाण्याचं दुकान होतं. तिथं रुपया टाकून बोलायचा फोन होता. गौराक्कानं फोन उचलला आणि आधी विचारलं ते चटणी झाली का.

"अक्का, तुमची पिशवी जोतीरामच्या डंकावर ठेवलीया. मिरच्या निवडल्यात, मसाला बी भाजलाय. तुमी येऊन कुटून न्या. मी अव्वाकडं निघालीया."

मग गौराक्काची टकळी सुरू झाली. आईच्या माघारी तूच एक होतीस. माझी भावजय म्हणजे माझी आईच, असं मी गावभर सांगत होते. आता लेकीच्या सासरी कुठल्या तोंडानं जाऊ? एरवी एवढ्यावरच शांतव्वाचं पाणी पाणी व्हायचं. आजही तसंच झालं. चुकलं अक्का म्हणावं, पिशवी उचलावी आणि परत रांगेत जाऊन उभं राहावं, असं वाटलं. तोंड उघडलंही होतं.

"शांता," गौराक्का शेवटी कडाडली, "तू बी त्या विद्याश्रीसारखीच निघालीस बघ."

ते 'चुकलं' तोंडातल्या तोंडात राहिलं. फोन टूं टूं करायला लागला होता, वेळ संपत आली होती. शांतव्वानं घाईघाईनं कनवटीचा दुसरा रुपया काढला आणि फोनमध्ये सरकवला.

"काय म्हणलासा अक्का?" ती म्हणाली. "हितं डंकाचा लई आवाज हाय. परत एकदा म्हणा की."