नितळ तेल

तात्यांनी बोटीतून उपसलेल्या जुन्या तेलाची बरणी काउंटरवर ठेवली आणि इंजिनाला, गिअरबॉक्सला सगळ्यांत भारी सिंथेटिक मागितलं. दुकानदार बंदरावर नवा, पण जिभेला हाड नसलेला. त्यानं बरणी उजेडात धरली नि हसला.

"अहो तात्या, हे तर मधासारखं नितळ आहे. चालत्या इंजिनाचं तेल काळं पडतं. तुमची बोट चालते की नुसती झोपा काढते?"

"उभीच असते. म्हणून तर भारी हवं. उभ्या इंजिनात साधं तेल सगळं खाली उतरतं, मग सुरू करताना आतलं कोरडंच घासतं. सात वर्षं दरसाल बदलतोय मी."

"चालवायची नाही, तर विकून मोकळे व्हा की. कुणासाठी जपताय एवढी?"

तात्यांनी दोन्ही डबे पिशवीत घातले आणि पिशवीचे बंद उगाचच दोनदा बांधले.



"लेकाची आहे. भर समुद्रात रिकामी सापडली होती. तो आला नि म्हणाला, 'बाबा, किल्ली द्या,' तर पहिल्या फटक्याला सुरू व्हायला नको का?"