निळी आणि करडी

हेमालीने निळ्या गाडीच्या मडगार्डवरून हात फिरवला आणि बराच वेळ उचललाच नाही.

"अशी रेघ मी फक्त फोटोत पाहिली होती," ती म्हणाली.

बोईसर एमआयडीसीतल्या शेडमध्ये दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या, एक निळी, एक करडी. दोन्ही दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातून आलेल्या. त्या काळी अशा गाड्यांची कंपनी नुसतं इंजिन आणि सांगाडा द्यायची. वरची बॉडी गिऱ्हाइकाच्या पसंतीने वेगळाच कारागीर हाताने ठोकून द्यायचा. या दोघींची बॉडी कुणाची, ते कागदांत कुठेच नव्हतं. ते ठरवायला जुन्या गाड्यांची जाणकार म्हणून हेमाली मुंबईहून आली होती. जी अस्सल ठरेल ती इटलीच्या प्रदर्शनात जाणार होती.

"बाबांनी एडवणच्या बंगल्यावर ठेवल्या होत्या," इंद्रजीत म्हणाला. वडील गेल्यावर तो कॅनडाहून आला होता. "मी शिकायला गेलो तो तिकडचाच झालो. गाड्यांचं सगळं आनंदाकाका बघायचे."

आनंदा दाराशी उभा होता. विशीत सांगलीकडून आलेला, आता सत्तरीला टेकलेला पत्राकामवाला.

"समुद्रकाठी राहूनही गंजाने पत्रा कुठे खाल्लेला नाही. कमाल जपल्यात," हेमाली म्हणाली.

तिने टॅबवर दोन जुने फोटो उघडले. "हा पॅरिसचा कारखाना, हा तुरिनचा. लांबून जुळ्या बहिणी. पण पॅरिसवाले मडगार्ड दारापाशी संपवायचे, तुरिनवाले ते दारावरून वाहत मागच्या चाकापर्यंत न्यायचे. निळी बघा, अस्सल तुरिन. करडीतही तेच करायला गेलेत, पण दारावर रेघ अडखळते."

आनंदा पुढे आला. "डिकीपाशी बी बघा. डावी बाजू सूतभर खाली हाय."

"तुम्हाला कसं माहीत?"

"करडी मीच ठोकलीय. मूळचा पत्रा खाऱ्या वाऱ्यानं गेला."

"बाबा कधी बोलले नाहीत," इंद्रजीत म्हणाला. हेमालीचा आवाज मऊ झाला. "छान केलीत, काका. मनापासून सांगते. पण निळीचा हात वेगळाच. हा माणूस पत्र्याला घाबरत नाही. भेटला असता तर पाया पडले असते."

आनंदाने निळीच्या मडगार्डवरचे तिच्या बोटांचे ठसे फडक्याने पुसले.

"म्हणजे निळी इटलीला," इंद्रजीत म्हणाला. "करडीचं इंजिन काढून घेऊ, बाकी भंगारात."

"तेवढं नका करू, साहेब. ती केली तवा मी पंचवीस वर्षांचा होतो."

"पहिलं काम. जीव अडकणारच," हेमाली म्हणाली. तिने फॉर्म काढला आणि निळीच्या नावापुढे 'तुरिन' लिहायला पेन टेकवलं.

"तसं लिवू नका, बाई," आनंदा म्हणाला. "निळी केली तवा मी बेचाळीसचा होतो."