मास्तर, मागे सरा

“ताई, आज मशीनचं डोकं वर टिकलं नाही तर उद्या मशीन भंगारात,” शेजारी उभा असलेला अशफाक म्हणाला.

सुगंधाताईंनी मशीनच्या अवजड डोक्याखाली लाकडी ठोकळा सरकवला आणि तेलाचा दाब पुरता उतरवला. डोकं तोलून धरणाऱ्या टाकीत नायट्रोजन भरायचा होता. बाबर मास्तरांनी त्यांना हे काम याच मशीनवर शिकवलं होतं. वायूचा कॉक उघडण्याआधी शेजारच्याला हाक मारून मागे सारायचं, अगदी मास्तर उभे असले तरी.

“मास्तर, मागे सरा,” सवयीनं तोंडून गेलं. मास्तर जाऊन किती वर्षं लोटली होती.

अशफाक हसला नाही. “सरले,” म्हणत तोही मागे झाला.

नायट्रोजन सावकाश भरला. तेलाचा दाब चढवून ताईंनी ठोकळा काढला. डोकं तसूभरही खाली आलं नाही.

“आता बोलवा त्यांना जवळ,” अशफाक हळूच म्हणाला.