सदबाची झील

"अरं तिसरी रांग, जरा हळू!" शाहिरांनी डफ थांबवला.

तुरुंगात पोवाड्यांच्या कॅसेटचं रेकॉर्डिंग चाललं होतं. कैद्यांनी एकसाथ 'जी जी रं जी'ची झील धरायची, तर सदबाचाच बेसूर आवाज सगळ्यांच्या वर. बराकी बंद करायची वेळ झालेली. जेलर सारखे घड्याळ बघत होते.

"हळू म्हटलं तर कॅसेट ऐकून आई ओळखंल कशी?" सदबा म्हणाला. "भावकीनं तिला सांगितलंय, मी आत मेलो."



"मग आता एकट्यानं धर," शाहीर म्हणाले.

सदबा उभा राहिला आणि त्यानं तोंड उघडलं. पण खोकला तेवढा बाहेर पडला.

"हे कापतो," रेकॉर्डिंगवाला म्हणाला.

"खुळा का काय!" शाहिरांनी डफावर थाप मारली. "खोकला तर आई आधी ओळखती."