तीन अंश

"टाकी परत वाकडी," मास्तर म्हणाले, आणि अंधाऱ्या खोलीत हशा पिकला.

शिंप्याचा चेहरा पडला. पडद्यावर त्याचाच फोटो होता. चार उंच खांबांवरची पाण्याची टाकी, तिच्या पायाशी त्याची मुलगी चालवते ती बालवाडी आणि अंगणातल्या दोरीवर मुलांचे निळे एप्रन. ते एप्रन त्यानेच शिवून दिले होते. दर महिन्याला एकाच गच्चीवरून एक फोटो, वर्षाचे बारा, असा त्याने पणच केला होता. हा सातवा.

बाजार बंद असलेल्या दिवशी सकाळी हे फोटोमंडळ मास्तरांकडे भरे. मास्तर चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. वाकडी रेघ दिसली की त्यांची दाढ ठणके. बाकी घड्याळवाला आणि औषधवाला. लेन्सचा विषय निघाला की दोघांना चहाचीही शुद्ध राहत नसे.

"कापड कापताना तुमचा हात हलत नाही, फोटो काढतानाच बरा हलतो!" घड्याळवाल्याने चिमटा काढला.

"हात कुठला हलतोय? नवा ट्रायपॉड घेतलाय. त्याला पाणसळ आहे. बुडबुडा बरोब्बर मधोमध होता, शपथेवर सांगतो."

"मग लेन्सचा दोष," औषधवाला म्हणाला. "वाइड लेन्स कडेच्या वस्तू वाकवते."

"टाकी कडेला कुठंय? मध्यभागी आहे की."

"अहो, आम्ही काय तुमची उलटतपासणी घेतोय?" मास्तर समजुतीने म्हणाले. "नेहमीसारखी सरळ करून टाकू."

नेहमीसारखी म्हणजे कॉम्प्युटरवर. आधीचे सहा फोटो शिंप्याने स्वतःच असे सरळ केले होते. गिऱ्हाइकांची मापं पाठ असावीत तसे ते आकडे त्याला पाठ होते. पहिल्या महिन्यात पाव अंश. मग अर्धा, मग एक. गेल्या खेपेला अडीच. आकडा वाढतोय हे त्याला दिसत होतं, पण आपला हात दिवसेंदिवस बिघडतोय, वय झालं, एवढंच त्याने मनाला लावून घेतलं होतं. ट्रायपॉड घेतला तोही त्याच लाजेपायी.

मास्तरांनी फोटो हळूहळू फिरवला. "तीन अंश. हं, बघा, आता कशी ताठ उभी राहिली!"

"वा!" घड्याळवाला म्हणाला.

शिंपी टाकीकडे बघतच नव्हता. तो एप्रन बघत होता. नुकतेच धुऊन टाकलेले, पाण्याने जड झालेले एप्रन. फोटो काढला तेव्हा वाऱ्याची झुळूकही नव्हती. आणि आता ते सगळेच्या सगळे, एकाच बाजूला, सारखेच तिरके लोंबत होते. तीस वर्षं त्याने कापड बघितलं होतं. ओलं कापड असं लोंबत नाही.

"मास्तर, परत फिरवा. होता तसा करा."

"का?"

"फिरवा हो!"

फोटो मागे फिरला. एप्रन सरळ झाले आणि टाकी वाकडी.

शिंप्याने उठून खिडकीवरचा जाड पडदा सर्रकन ओढला. उजेड आत घुसला तसे सगळे कुरकुरले. समोर घरांच्या छपरांवरून टाकी दिसत होती, रोज दिसते तशी. त्याने गळ्यातला टेप काढला. सुट्टीच्या दिवशीही तो त्याच्या गळ्यात असे; बायको म्हणे, झोपताना तरी काढत जा. टेपच्या टोकाला त्याने दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा बांधला, हात लांब करून टेप समोर धरला आणि एक डोळा मिटला. जुडगा डुलत होता. तो थांबेपर्यंत त्याने श्वास रोखून धरला.

"आता काय खिडकीचं माप घेताय?" घड्याळवाला म्हणाला. या वेळी कुणी हसलं नाही.

जुडगा थांबला. टेप सरळ रेघेत खाली उभा होता. खांब खालून टेपला चिकटून निघत होते आणि वर जाता जाता त्याला सोडून उजवीकडे कलत होते. उजवीकडे बालवाडी होती.

मास्तर त्याच्या खांद्यामागून वाकून बघत होते. मग घसा खाकरून म्हणाले, "काच. खिडकीच्या काचेमुळे असं कधी कधी..."

"खिडकी उघडी आहे, मास्तर."

औषधवालाही खिडकीशी आला.

"आज पाण्याचा दिवस," औषधवाला कुणाकडेही न बघता म्हणाला. "पहाटेपासून भरतेय ती. एव्हाना काठोकाठ आली असेल."

शिंप्याने मुलीला फोन लावला. घंटी वाजत राहिली. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा झाले होते. अकरा ते बारा मुलं झोपतात. त्या तासात ती फोनचा आवाज बंद करते आणि कडी लावून घेते. चाळीस मुलं. त्याने पुन्हा लावला.

"मी पाणीखात्याला फोन लावतो. तुम्ही पळा," मास्तर म्हणाले.

शिंपी अनवाणीच दाराकडे धावला. दाराशेजारच्या भिंतीवर मंडळाने कौतुकाने लावलेले त्याचे सहा फोटो होते, काचेच्या चौकटीत, ओळीने. सहाही फोटोंत टाकी अगदी सरळ उभी होती.